कोरडा हात

बारामतीच्या स्टेशनाजवळ आमचं घर होतं आणि दारापुढच्या लिंबाखाली घोड्यांची मालिश चालायची. मालिश करायचे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणे, तांगेवाले आबा म्हणत. तरुणपणी ते मेंढरांमागं हिंडलेले. सगळा संसार तट्टावर लादून चालायचं, आणि मुक्काम पडला की आधी तट्टाची पाठ नि पाय चोळायचे, मग स्वतःची भाकर. मेंढरं गेली, पण ती विद्या हातात राहिली, ती तांग्याच्या घोड्यांच्या कामी आली.

इंदापूरचा पल्ला लांबचा. मोटारी नुकत्याच सुरू झाल्या होत्या, पण त्यांचा काही भरवसा नसे. लांबची सवारी मिळाली की तांगेवाला आदल्या दिवशी घोडं आमच्या दारी आणायचा. मामंजी चारी पायांवरून हात फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे, ‘पळंल’ नाहीतर ‘न्हाय’. त्यावर कुणी हुज्जत घातलेली मला आठवत नाही. मालिश त्याच्यानंतर. कोरडा हात आधी, तेल मागनं, हा त्यांचा नियम. दुखावलेला पाय हाताला ऊन लागतो, पण गरम तेलात बुडालेल्या हाताला ती ऊब कळत नाही, आणि चोळल्यावर दुखरं जनावरसुद्धा थोडा वेळ सरळ चालतं. धनी फसतो, जनावर मरतं.

मी मूळची फटकळ. माहेरी माझ्या तोंडाला सगळे वचकून असत. सासरी पाठवताना आईनं जणू तोंड शिवूनच पाठवलं. मालिश चालू असताना मी पदर ओढून तेलाची वाटी नेऊन ठेवायची आणि आत यायची. चार पुरुषांत सुनेनं बोलायचं नसतं, हे मी इतकं पाठ केलं होतं की त्याचा आता राग येतो.

एका हिवाळ्यात मामंजींनी चुलीवरची तेलाची वाटी उघड्या हातानं उचलली. चटका बसल्याचं चेहऱ्यावर काही दिसलं नाही. सांजच्याला बोटांवर फोड आलेले मी पाहिले तेव्हा ते म्हणाले, काय झालं न्हाय. मग हात पुढं करून म्हणाले, हाताला काही कळंनासं झालंय, कुणाला बोलू नगंस. हे त्यांनी मला सांगितलं, मुलाला नाही. मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा ताठाही चढला.

त्या दिवसापासून घोड्याचे पाय धुवायचं काम मी मागून घेतलं. पाणी ओतता ओतता मी पाय चाचपायची. एखादा गरम लागला की तेलाची वाटी त्या पायाशी ठेवायची. सगळे गार असले तर वाटी घोड्याच्या तोंडाकडं. मामंजी वाटी बघायचे, वरवर हात फिरवायचे आणि शब्द द्यायचे. वर्षभर आमचं हे बिनबोभाट चाललं. एकाही घोड्याला दगाफटका झाला नाही.

मग एके सकाळी ते चुलीपुढं हात शेकत बसले होते. गरम तेलात बोटं बुडवली आणि लहान मुलासारखे हसले. म्हणाले, मुंग्या येतायत, हात जागा झाला. तेवढ्यात बाहेर एक तांगेवाला त्याची तांबडी घोडी घेऊन आला. त्याच्याबरोबर आणखी तिघे होते. मी बादली उचलली तर मामंजी म्हणाले,

‘‘आज पाणी नगं, पोरी. आज माझं मला कळतंय.’’

आणि तेलाच्या हातानंच बाहेर गेले. जन्मभर पाळलेला नियम आनंदाच्या भरात मोडला. मी वाटी घेऊन मागोमाग गेले. घोडी पुढचा डावा पाय चोरत होती. वाटी खाली ठेवताना मी हाताची मागची बाजू त्या पायाच्या नळीला लावली. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखी नळी गरम होती. मी वाटी तिथंच ठेवली.

मामंजींनी वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पायानं वाटी बाजूला सारली. तापल्या हाताला तो पाय गारच लागला असणार. मग त्यांनी घोडीला असं चोळलं की तिचे डोळे मिटायला लागले. मालिश संपली तेव्हा ती चारी पायांवर सरळ उभी होती.

‘‘पळंल,’’ ते म्हणाले.

मी उंबऱ्याशी होते. एक शब्द पुरला असता. मी पदराचं टोक दातात धरलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांगेवाला एकटाच आला. खांद्यावर लगाम नि घुंगरांची माळ. इंदापूरच्या वाटेवर लासुर्ण्याच्या पुढं घोडीचा पाय मोडला होता, आणि शेवटी कुणा बंदूकवाल्याला बोलावून तिला सोडवावं लागलं. रस्त्याला खड्डा हुता आबा, तुमचा काय दोष, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या या भलेपणानं मला जास्त लाज वाटली.

तो गेल्यावर मामंजींनी विचारलं, ‘‘तुला कळलं हुतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग बोलली का न्हाईस?’’

‘‘समदी माणसं हुती की, मामंजी.’’

ते दोन्ही तळहात मांडीवर उताणे टाकून बसून राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत, मीही नाही.

त्यानंतर त्यांनी घोड्याला हात लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात तोच तांगेवाला नवा घोडा घेऊन आला, इंदापूरलाच जायचं म्हणून. मामंजींनी मला हाक मारली आणि चार माणसांत सांगितलं, ‘‘माझा हात मेलाय. हात हिचा. ही सांगंल ते खरं.’’

मी कोरड्या हातानं चारी पाय चाचपले. पुन्हा चाचपले. कुठंही ऊब नव्हती. घोडा धडधाकट होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मला ती तांबडी घोडी दिसत होती.

‘‘न्हाय,’’ मी म्हणाले.

तांगेवाल्यानं मुकाट्यानं घोडा वळवला. चार पुरुषांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं, ते खोटं बोलायला. मामंजींनी समाधानानं मान हलवली. पाय गरम होता की गार, हे कळायला त्यांच्यापाशी माझ्या शब्दाशिवाय काही उरलं नव्हतं.