बशीतला अर्धा चहा

चहा उतू जाऊन शेगडीवर जळल्याचा वास आला की मला छत्रीबाग मोहल्ल्यातली ती खोली आठवते, जिथे दर रविवारी आम्हा कॉलेजच्या पोरांचा डाव्या विचारांचा अभ्यासवर्ग भरायचा. वर्ग घेणारे भाई मिलमजुरांचे पुढारी. ज्याचं बोलणं त्यांना पटे, त्याला ते आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून देत. वर्षभर माझा त्या बशीवर डोळा होता. त्या दिवशी दरबारी, सवर्ण घराण्यातल्या मी घसा फोडून सांगितलं, की मजुरांचं राज्य आलं की जात आपोआप जाईल. तेव्हा महूहून येणारा एक बौद्ध मुलगा शांतपणे म्हणाला, "भिया, माझे वडील मिलमध्येच आहेत, पण विणाई खात्यात त्यांना घेत नाहीत. तिथे मागावरच्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागतो ना. बाकीचे मजूरच म्हणतात, याचा उष्टा धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार?" भाईंनी बशी त्याच्यापुढे केली. दोन घोट घेऊन त्याने बशी माझ्याकडे सरकवली, "लो भिया, तुम भी पियो." मी म्हणालो, "नको." त्याने जिंकलेल्या बशीतला उरलेला चहा मला नको होता, एवढंच. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तो जराही चकित न होता म्हणाला, "देखा, भाई?" मी विटाळ मानत नव्हतो, फक्त जळत होतो, हे तिथे कुणाला पटलं असतं? माझ्याच तोंडच्या एका शब्दावर त्याने तो वाद दुसऱ्यांदा जिंकला, आणि त्याचाही मला अजून हेवा वाटतो.