समई लागली की कॉम्प्युटर बंद पडत नाही

प्रेमाबाईंचा झाडू निम्म्या घरात पोचला होता. माजघर झालं होतं, केराचा ढीग उंबऱ्याशी येऊन थांबला होता आणि पुढची खोली राहिली होती, तेवढ्यात आतून सुनेची हाक आली.

"गेलं! आत्या, परत गेलं!"

प्रेमाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. केराचे हात धुतल्याशिवाय त्या देवापाशी जात नसत, आणि कॉम्प्युटर देवघराला लागूनच ठेवलेला असल्यामुळं त्याच्यापाशीही जात नसत. न्हाणीतून हातपाय धुऊन त्या माजघरात आल्या, नेहमीच्या सवयीनं झाकलेली सगळी फडकी उचलली, घड्या घालून कोनाड्यात ठेवली. तोवर राजेश्वरी पुढच्या खोलीत मीटरपाशी उभी राहून लाईट आहे का बघत होती. लाईट होती. पंखाही गरागरा फिरत होता. फक्त कॉम्प्युटरचा पडदा काळाठिक्कर.

"दृष्ट काढू का गं त्याची?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"काढा," राजेश्वरी हसली, पण डोळे हसत नव्हते. "पुढच्या सोमवारपर्यंत जे जे करता येईल ते करूया."

सोमवारी चार वाजता तिचा परीक्षेचा तास होता. पुण्याचा एक क्लास घरबसल्या मुलांना गणित शिकवायला माणसं घेत होता. एक तास शिकवून दाखवायचा. आवडला तर काम. आणि तास चालू असताना पडदा असा काळा झाला तर पुन्हा कोण विचारणार? दुसरीकडं लातूरच्या एका शाळेचं बोलावणं येऊन पडलं होतं. तिथं जायचं म्हणजे खोली घेऊन राहायचं, आठवड्यातून एकदा कळंबला यायचं. राजेश्वरी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, पण तिनं माळ्यावरची बॅग खाली काढून पुसून ठेवलेली प्रेमाबाईंनी पाहिली होती. त्या दिवसापासून त्या बॅगेकडं बघितल्याशिवाय त्या अंथरुणाला पाठ टेकत नव्हत्या. सून आल्यावर कुठं त्या घरात बोलणं सुरू झालं होतं. मालक गेल्यापासून मुलगा मल्लिनाथ आडतीवर आणि त्या एकट्या घरात, असंच चाललं होतं.

प्रेमाबाईंचं माहेर मुरूमकडचं. तिथल्या घरात कानडी, शेतात मराठी, आणि सकाळी कपाळावर विभूती लावल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन कळंबला धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्यावर आल्या, आणि आयुष्यभर एकाच गोष्टीशी लढल्या: धूळ. हंगामात पोत्यांनी भरलेले टेम्पो दारावरून गेले की भुसकटाची एक लाट घरात यायची. दिवसातून कितीदा झाडायचं याला धरबंध नव्हता. पण दोन नेम त्यांनी कधी मोडले नाहीत. झाडायच्या आधी घरातलं जे जे मोलाचं ते झाकायचं. आणि संध्याकाळी समई लागली की झाडूला हात लावायचा नाही. लक्ष्मी घरात यायच्या वेळी कोण केर काढतं?

कॉम्प्युटर दिवाळीला आला होता. मल्लिनाथनं मावसभावाकडून जुना आणला. दोन महिने बरा चालला. संक्रांत झाली, मोंढ्यात तुरीची आवक सुरू झाली, आणि मग हा खेळ. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवसातून दोनदा, कधी दिवसभर काहीच नाही.

"अव्वा, मी सांगतो, त्याचा मदरबोर्ड गेलाय," मल्लिनाथ जेवताना म्हणाला. "कॉम्प्युटरवाल्या सिद्धलिंगच्या दुकानात विचारलं मी. नवा घ्या म्हणतो."

"त्यानं न बघता सांगितलं?" राजेश्वरीनं विचारलं.

"त्याला बघायला कशाला लागतं? रोजचं काम हाय त्याचं."

"डॉक्टरनं नाडी न बघता सुई टोचली तर घ्याल का तुम्ही?"

मल्लिनाथनं आमटीची वाटी तोंडाला लावली. प्रेमाबाईंना हसू आलं, पण त्यांनी पदराआड दाबलं.

मग राजेश्वरीनं जे आरंभलं ते प्रेमाबाई डोळे विस्फारून बघत राहिल्या. आधी तिनं मल्लिनाथच्या आडतीवरून बॅटरीचा डबा आणून जोडला. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर कळेल म्हणाली. तरी बंद पडला. मग तिनं डबा काढून टाकला आणि नंतरच पुढच्या गोष्टीला हात घातला.

"अगं, डबा राहू दे की. असला तर काय बिघडतंय?"

"नाही आत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कसं कळणार?"

प्रेमाबाई त्यावर बराच वेळ विचार करत राहिल्या. त्यांच्या घरी मूल आजारी पडलं की काढा, अंगारा, डॉक्टरची गोळी आणि सोनारीच्या भैरवनाथाला नारळ, सगळं एकदमच व्हायचं. मूल बरं व्हायचं आणि श्रेय सगळे वाटून घ्यायचे. या पोरीला मात्र घाई असूनही घाई नव्हती. हे सोवळं कुठल्या शाळेत शिकवतात, त्यांना कळेना.

एके दुपारी तिनं कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. प्रेमाबाई लांबून डोकावल्या आणि त्यांचा हात आपोआप छातीशी गेला.

"शिवा शिवा! हे तर गाव हाय गं आख्खं!"

खरंच गाव होतं. हिरव्या जमिनीवर तांब्याच्या बारीक वाटा, एकीला एक लागत नाही अशा. छोटी छोटी घरं, पाण्याच्या टाक्या असाव्यात तसे गोल डबे, मधोमध देवळासारखं काहीतरी उंच, आणि त्याच्या माथ्यावर पंखा. माणूस एक नाही, पण सगळं कुणीतरी आपल्या जागी बसवलेलं.

"हा मधला सगळ्यात तापतो," राजेश्वरी म्हणाली. "फार तापला की स्वतःच बंद होतो. जळू नये म्हणून."

"म्हंजे त्याला आपलं आपल्याला कळतं?"

"तेवढं कळतं."

प्रेमाबाईंनी नमस्कार केला. पंख्यात भुसकटाची गादी बसली होती. राजेश्वरीनं सायकलच्या पंपानं ती उडवली, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या, पुन्हा बसवल्या. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी प्रेमाबाई झाडत असताना पुन्हा हाक आली, "गेलं!"

त्या संध्याकाळी राजेश्वरी पहिल्यांदा कपाळाला हात लावून बसली. प्रेमाबाईंनी समई लावली, तिच्याजवळ येऊन बसल्या आणि मनातलं बोलून टाकलं.

"हसणार न्हाईस तर सांगते. समई लागली की हे कवाच बंद पडत न्हाय. बघ तू आठवून. रात्री जेवणापर्यंत बसतीस, पडलं का कधी?"

मल्लिनाथ फिस्सकन हसला. "झालं! आता सिद्धलिंगला सांगतो, दुकानात समया ठेव म्हणून."

"तुम्ही गप्प बसा," राजेश्वरी म्हणाली. ती ताठ होऊन बसली होती. "आत्या, खरंय. एकदाही नाही."

"संध्याकाळी गार असतंय म्हणून," मल्लिनाथ म्हणाला.

"सकाळी थंडीत पडलंय की. उद्या बघू. उद्या दुपारीच समई लावायची."

दुसऱ्या दिवशी प्रेमाबाईंनी दुपारी समई घासली, तेल घातलं, वाती लावल्या. राजेश्वरी कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर तासाची तालीम करत बसली. रस्त्यावरून टेम्पो गेले. भुसकट आलं. कॉम्प्युटर चालत राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही समई, आणि दुसऱ्या दिवशीही चालत राहिला. प्रेमाबाईंच्या अंगावर काटा उभा राहिला. इतकी वर्षं दिवा लावला, पण दिव्यानं असं उघड उत्तर कधी दिलं नव्हतं.

नवल असं, की राजेश्वरीच्या चेहऱ्यावरही तेच होतं. ती समईकडं बघत होती, जशा प्रेमाबाई त्या हिरव्या गावाकडं बघत होत्या. मग ती पाणी प्यायला उठली आणि थबकली. तळपायाला काहीतरी खरखरलं होतं. तिनं पाय उचलून बघितला. तुरीचं भुसकट.

"आत्या, आज दुपारचं झाडलं नाही?"

"समई तेवतीया, झाडू कसा लावू? लक्ष्मी बसलीया घरात."

"कालही नाही?"

"काल तरी कसा लावणार?"

राजेश्वरी खाली बसली. "आत्या, आता समई शांत करा. आणि रोज करता तसंच झाडा. रोजच्यासारखं, एकही गोष्ट कमी न करता."

प्रेमाबाईंनी समईला हात जोडून ज्योत फुलानं शांत केली. राजेश्वरीनं तालमीचा तास पडद्यावर चालू करून ठेवला, पण आज खुर्ची घराकडं वळवून बसली. प्रेमाबाईंनी कोनाड्यातली फडकी काढली. आधी देवघरावर पांढरं. मग घागरीवर. मग पिठाच्या डब्यावर. आणि मग देवाच्या खालोखाल ज्याचा मान, त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर आपल्या लग्नातल्या इरकलीची दुपदरी घडी, पुढूनमागून पार खालच्या पाटापर्यंत सोडलेली, कुठून कण जाऊ नये म्हणून. मग झाडू घेतला.

राजेश्वरी हलली नाही. प्रेमाबाई झाडत पुढच्या खोलीत गेल्या, तरी हलली नाही. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "आत्या, या. हात लावा."

प्रेमाबाईंनी हात धुऊन येऊन इरकलीवरून हात ठेवला आणि झटक्यानं काढला. तवा तापावा तसा डबा तापला होता. त्या बघत असतानाच पडदा विझला.

राजेश्वरीनं इरकलीचं टोक उचलून डब्याची हवेची जाळी दाखवली.

"म्यां गं?" प्रेमाबाई जाळीकडं वाकल्या. "म्यां त्याला जपायला पांघरूण घातलं, अन् जीव गुदमरला त्याचा?"

"तो हवा आत घेतो आणि गरम हवा बाहेर टाकतो, आत्या. आणि मी रोज त्या पडद्याकडं तोंड करून बसत होते. बंद पडला की धावत मीटरकडं. येईतो तुमचं फडकं घडी होऊन कोनाड्यात. मला कुठून दिसणार?"

"मग दिव्याचं काय? ते खोटं?"

राजेश्वरीनं मान हलवली. "खोटं कसं? समई लागली की तो बंद पडत नव्हता, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला आजही कळलं नसतं. समईनं तुमचा झाडू थांबवला म्हणून तो चालला."

प्रेमाबाईंनी देवघराकडं बघितलं. समई शांत होती, वातीच्या टोकाशी अजून धुराची बारीक रेघ होती. दिव्यानं आपला हात धरून ठेवला, आणि या पोरीनं त्या हाताची खूण ओळखली. यातलं मोठं कोणतं ते त्यांना ठरवता येईना, आणि ठरवावंसंही वाटेना. त्यांनी इरकल उचलली, झटकली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

सोमवारी चार वाजता राजेश्वरीचा तास सुरू झाला. नेमका त्याच वेळी तुरीचा टेम्पो दाराशी येऊन रुतला आणि हमाल आरडाओरडा करायला लागले. प्रेमाबाईंचा हात झाडूकडं गेला. त्यांनी तो मागं घेतला. मग बादली उचलून त्या बाहेर गेल्या आणि दारापुढं सडा टाकायला लागल्या, एकदा, पुन्हा एकदा, धूळ बसेपर्यंत.

"प्रेमाकाकू, सणबिण हाय का काय?" टेम्पोवरचा बंडप्पा ओरडला.

"हाय! हळू बोल, सुनेचा तास चाललाय!"

आतून राजेश्वरीचा आवाज येत होता, कुठंही न तुटता. त्रिकोण, कोन, बाजू. प्रेमाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या ओल्या पायांनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, कीर्तन ऐकावं तसं.

तास संपल्यावर राजेश्वरी बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"पुढच्या आठवड्यापासून शिकवा म्हणाले."

"अन् ती बॅग?"

"कुठली? ती? माळ्यावर टाका परत."

प्रेमाबाईंनी तिच्या कपाळाला विभूती लावली. मग डब्यालाही लावायला गेल्या, हात जाळीपाशी थांबला, आणि त्यांनी ती खालच्या लाकडी पाटाला लावली.

घर झाडायचं राहिलंच होतं. ते आता उद्या सकाळी, डबा बंद असताना. दिवेलागणीला अजून वेळ होता. प्रेमाबाईंनी ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला आणि दळण टाकायला गिरणीकडं निघाल्या.