मास्तरच्या चाळीस टाचण्या

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शिकवत-बिकवत नाही काही, शिंपी आहे. त्याच्या दुकानात काजं-बटणं मी करते, गेली बावीस वर्षं. आणि तो किती हट्टी आहे हे मी नाही तर कोण सांगणार?

मागच्या वर्षी एका लहान मुलीच्या फ्रॉकमध्ये टाचणी राहिली. पोरीच्या पाठीला बोचली, रक्त आलं. तिची आई भांडलीसुद्धा नाही, फ्रॉक टेबलावर ठेवून निघून गेली. मास्तरच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, पुन्हा एक जरी टाचणी कपड्यातून दुकानाबाहेर गेली ना, तर मी शटर ओढणार. कायमचं."

"आधी डोळे तपासून घे," मी म्हटलं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

झालं! डॉक्टर राहिला बाजूला, साहेबांनी कुत्रीला शिकवायला घेतलं. चिंधी तिचं नाव, आमच्या दुकानातच कापडाच्या तुकड्यांवर लोळून मोठी झालेली. तिने टाचणी शोधायची, तोंड न लावता समोर बसायचं, मग बिस्कीट मिळणार. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. त्याने टाचणी बोटांत धरून हुंगवली आणि तिला वाटलं, मास्तरचा वासच शोधायचाय. दुकानातल्या कुठल्या कपड्याला त्याचा हात लागलेला नाही? बाईसाहेब प्रत्येक शर्टापुढे बसत सुटल्या, बिस्किटांचा पुडा फस्त. मी पोट धरधरून हसले.

मग त्याने टाचण्यांच्या उशीतला भुसा काढून लवंगा भरल्या आणि चाळीस टाचण्या त्यात आठवडाभर मुरवल्या. एक टाचणी चिमट्याने उचलून भोकं पाडलेल्या डबीत टाकायची आणि डबी लपवायची. आधी खुर्चीखाली, मग कपड्यांच्या ढिगात, मग कोटाच्या खिशात. शेवटी डबीही गेली, नुसती टाचणी राहिली. तीन महिने लागले. चिंधीशी बोलायचा तितक्या गोड आवाजात तो जन्मात माझ्याशी बोललेला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी शिवलेले कपडे ओळीने मांडायचे, चिंधी हुंगत जायची, तो टाचण्या मोजायचा. चाळीस. चिंधी कधी बसायचीच नाही. मास्तरची छाती फुगायची. "बघ! म्हणे डोळे तपास." मी बटणं लावत राहायचे.

परवा एका बालवाडीचे वीस गणवेश तयार होते. टाचण्या भरल्या एकोणचाळीस. त्याने पुन्हा मोजल्या, चेहरा पांढराफटक. चिंधीला सोडलं. ती वीसच्या वीस गणवेश हुंगून पुढे आली आणि माझ्यासमोर बसली. नाक माझ्या बाहीकडे.

मी बाहीवरची टाचणी काढून त्याच्यापुढे धरली. दुपारी एका कॉलरमध्ये सापडलेली टाचणी मी बाहीला खोचली होती आणि साफ विसरले होते.

"ही कुठे मिळाली, ताई?"

"कॉलरमध्ये."

"पहिल्यांदाच?"

आता खोटं काय बोलणार? "आठवड्याला दोन-तीन सापडतात. तू जेवायला गेलास की मी सगळे कपडे चाचपते. टाचणी परत उशीत टोचून ठेवते."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "मला वाटत होतं, मला अजून नीट दिसतंय."

मला रडू फुटलं. त्याचं मन राखायला गेले आणि इतके महिने त्यालाच फसवत राहिले.

"शटर ओढणार का रे आता?" मी कसंबसं विचारलं.

"बाहेर कुठे गेलीय टाचणी?"

चिंधी अजून बसूनच होती. त्याने तिला बिस्कीट दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उद्या डॉक्टरकडे येशील माझ्याबरोबर?"

"येईन की."

"आणि ताई, यापुढे सापडली तर काढू नकोस. राहू दे तिथेच. चिंधीला बसू दे तिच्यापुढे. मला कळायला हवं."