धाग्याच्या वरची पकड

दिपालीची बॅट देवापुढच्या पाटावर होती, आणि उद्या सकाळी निवड चाचणी.

भिलाईत विश्वकर्मा पूजेला घरोघरी हत्यारं पुजतात. दिपालीचा बाप शालिकराम पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलला. त्याचा पाना, पक्कड, हातोडी पाटावर आली, तशी गयाबाईनं लेकीची बेसबॉलची बॅटही धुऊन पुसून शेजारी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, मुठीला लाल धागा गुंडाळला.

"माय, आज मले प्रॅक्टिस करायची होती ना!"

"कावून हात लावून राहिली वं? पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत. तुह्या बाबांनी लावला का पान्याले हात?"

दिपालीनं हात मागे घेतला. दोन वर्षं राज्याच्या संघातून ती शेवटच्या घडीला गळत होती. यंदा नाही झालं तर खेळ सोडीन, असं तिनंच आईला कबूल केलं होतं. आणि नेमकं यंदाच चेंडू कसा मारावा हे तिला कळेनासं झालं होतं.

देवाजी सरांनी तिला लहानपणापासून शिकवलं. त्यांचं म्हणणं, वजन पुढच्या पायावर टाक, बॅट वरून खाली आण. तसं मारलं की चेंडू हमखास लागे, पण जमिनीवरून सरपटत जाई. नवे नरेश सर म्हणत, "पहले कमर, फिर हाथ." कंबर आधी फिरव, बॅट खालून किंचित वर येऊ दे, चेंडू हवेत लांब जाईल. तसं करायला गेली की तिची बॅट उशिरा पोचे आणि चेंडू मागे निघून जाई. एक सोडवत नव्हतं, दुसरं जमत नव्हतं. त्यात हा दिवसही हातचा गेला.

सकाळी तिनं पाटाला नमस्कार करून बॅट घेतली. धागा मुठीच्या तळाशी चांगला जाड गुंडाळलेला. त्यावर हात बसेना.

"तोडू नको बाप्पा," गयाबाई म्हणाली.

मैदानावर दिपालीनं पिशवीतली कात्री काढली, धाग्याजवळ नेली. आईनं हात जोडले होते ते आठवलं. कात्री पिशवीत गेली. तिनं बॅट धाग्याच्या वर धरली, चार बोटं आखूड.

दोन्ही सर निवड करणाऱ्यांत बसलेले, शेवटचा शब्द देवाजी सरांचा. पहिला चेंडू आला. जुन्या सवयीनं तिनं वरून खाली मारला. तो चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी मेला.

"बस, असंच!" देवाजी सर म्हणाले.

"कमर, बेटा, कमर!" नरेश सर.

दुसऱ्याला तिनं कंबर फिरवली. चेंडू डावीकडे रेषेबाहेर सुसाट गेला. मागून कुणी पोरगी खुदकन हसली.

दिपालीचे कान तापले. मग तिच्या ध्यानात आलं, आपण आज उशिरा नाही, लवकर पोचलो! आखूड धरल्यानं बॅट हलकी फिरत होती. म्हणजे थांबायला वेळ होता.

हात घामानं ओले, कुंकू तळव्याला लागलेलं. तिनं मनात देवाचं नाव घेतलं. तिसरा चेंडू सुटला. तिनं वाट पाहिली, आणखी जरा पाहिली, मग टाच फिरली, कंबर फिरली, मागून हात आले.

ठण्ण!

चेंडू मैदानाच्या टोकाला उभ्या पोरींच्या डोक्यावरून तारेच्या कुंपणापलीकडे पडला. टाळी कुणीच वाजवली नाही. सगळ्यांच्या नजरा देवाजी सरांकडे.

ते उठले, तिच्याजवळ आले, मुठीवरचा धागा बघितला.

"बॅट खालून आली तुही. मले पटलं नाही."

"हो सर."

"सामन्यातही अशीच आखूड धरशील का?"

"धरीन सर."

"मग उभी कावून हायेस इथं? जा, तिकडे निवडलेल्या पोरींत बस."