पलंगाची कुरकुर

टेबलाचा खण अडकत होता म्हणून काल मी त्याच्या कडांना मेणबत्ती घासली. त्या वासानं कळंबच्या घरातली एक दुपार आठवली.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि जरा हललं तरी त्यांचा सागवानी पलंग मोठ्यानं कुरकुरायचा. आमची झोपमोड नको म्हणून ते कूसच बदलत नसत. पाठ अवघडायची, पण बोलायचे नाहीत. सुतार तर परगावी गेलेला.

"आत्याबाई, मी बघते," मी सासूबाईंना म्हणाले.

"अगं, हे बायामाणसाचं काम न्हाय," त्या म्हणाल्या. पण त्यांनीच सासऱ्यांना धरून खुर्चीत बसवलं.

मी पान्यानं बोल्ट सोडवले. बाजूची पट्टी निघाली तसा जुन्या सागाचा उग्र वास आला. लाकडावर लाकूड घासून सांधे गुळगुळीत झाले होते. त्यांना मेण चोळलं, फटीत जुन्या चपलेचं चामडं बसवलं आणि बोल्ट घट्ट आवळले. तळहाताला फोड आले.

सासरे आडवे झाले. आधी भीत भीत, मग पुरते कुशीवर वळले. आवाज आला नाही. चहापर्यंत गाढ झोपले.

संध्याकाळी शेजारी भेटायला आले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या सूनबाईनं केलंय. लई हुशार हाय."

तोवर ते मला माझ्या माहेरच्या गावावरून 'बेंबळीची पोरगी' म्हणायचे. तेव्हा मी नुसत्या कौतुकानं फुलले होते. आज कळतं, त्या घरची मी त्या संध्याकाळी झाले.