कोपरा कापलेला पासपोर्ट

शारजातल्या आमच्या घरी सत्यनारायण होता. मी समोरच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांना सगळ्यांदेखत म्हणालो, "कॅनेडियन झालात, आता पेढे काढा!" बाजूलाच भारतीय कॉन्सुलेटमधले कारकून प्रसाद खात होते. शेजारी पांढरेफटक पडले.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं राहत नाही, पासपोर्ट परत करावा लागतो. शेजाऱ्यांनी तो परत न करता स्वतःकडेच ठेवला होता.

एरवीही ते हळूच बोलत, कॅनडाला 'तिकडचं' म्हणत, दर वाक्याला इन्शाल्ला जोडत. आता मात्र बेल वाजली की आत टीव्ही बंद होई. "मी आहे हो," म्हटल्यावर दार बोटभर उघडे.

"कुणी विचारलं का, साहेब? आई गुहागरला एकटी असते. काही झालं तर लगेच निघता यावं, म्हणून ठेवलाय."

आठवड्याने ते स्वतःच पासपोर्ट परत करायला गेले, मला सोबत घेऊन. कारकुनाने पासपोर्ट रद्द करायला त्याच्या कोपऱ्याला कात्री लावली, तेव्हा ते खिडकीतून म्हणाले, "जरा हळू कापा."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या कारकुनांनी प्रसादाशिवाय काहीच मागितलं नव्हतं हो. आता आईला भेटायला ते व्हिसाच्या रांगेत उभे राहतील, तेव्हाही जा सोबत. फक्त बोलू नका."