मास्तरांचे तळपाय

टेलर मास्तरांना मधुमेह होता आणि मधुमेहातलं आपल्याला सगळं कळतं असा ठाम समजही होता. दोन्हींत जास्त त्रास कशाचा, हे त्यांच्या बायकोला विचारावं. चहात साखर नको म्हणून मास्तर आल्यागेल्याला बजावत आणि त्याच बिनसाखरेच्या चहात गोड बिस्किटं बुडवून खात. "बिस्किटातली साखर भाजलेली असते गं, ती अंगाला लागत नाही," हे वर ऐकवत. तपासणी जवळ आली की अर्धपोटी राहायचे आणि रिपोर्ट बरा आला की त्याच दिवशी नवा पुडा फोडायचे. बाईंनी कपाळाला हात लावून तो नाद सोडला होता.

पण खरा कहर केला तो तळपायांनी. आधी त्यांची नुसती आग आग व्हायची. मास्तर गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसत आणि घर डोक्यावर घेत. मग हळूहळू आग थांबली. आग गेली म्हणजे आजार गेला, असा सरळ हिशेब करून त्यांनी गोळ्या बंद करून टाकल्या. बाई बडबडल्या, भांडल्या, अबोला धरला. काडीचाही उपयोग नाही.

"दुखतच नाही तर औषध कशावर घेऊ? तूच सांग," मास्तर विचारत. यावर बाई संतापून गोळ्यांचं पाकीट त्यांच्यासमोर आपटत.

अशात शिलाई मशीन बिघडलं. म्हणजे मास्तरांच्या मते बिघडलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. पायडल मारायचं ते अनवाणीच, चप्पल घातली की मशीनचा अंदाज येत नाही, हा त्यांचा नियम. हल्ली मात्र टीप मध्येच सुसाट सुटायची. एका वकिलाच्या कोटाची बाही दोनदा उसवावी लागली. मेकॅनिक आला, तेल घातलं, पट्टा बदलला आणि मशीन ठणठणीत आहे म्हणून निघून गेला.

"त्याला काही येत नाही," मास्तर म्हणाले.

"उठा. मी बघते," म्हणून बाई मशीनवर बसल्या. टीप सरळ पडली.

"तू हळू मारतेस म्हणून."

"मग तुम्हीही हळू मारा की! कुणी अडवलंय?"

मास्तर तोंड फुगवून स्टुलावर बसले आणि त्यांनी पायावर पाय टाकला. बाईंचं लक्ष तळव्याकडे गेलं. टाचेजवळ टाचणीचं निळं डोकं दिसत होतं. टाचणी अख्खी आत. भोवती लालभडक सूज आणि पू.

"अहो, हे काय!"

मास्तरांनी वाकून पाहिलं. "अरेच्चा, ही कधी घुसली?" आणि हद्द म्हणजे ते हसले. "बघ, पाय कसे कणखर झालेत!"

बाईंना त्या माणसाला बदडून काढावंसं वाटलं. त्याऐवजी रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. दंडाला धरून त्यांनी मास्तरांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी टाचणी काढली, जखम धुतली. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही.

"तुमची आग थांबली ती आजार बरा झाला म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "तळव्याच्या नसा निकामी होत गेल्यात. अशी जखम कळलीच नाही, तर एक दिवस पाय कापावा लागतो."

"नसा गेल्या असत्या तर चालत आलो असतो का?" मास्तर वाद घालू लागले.

"मग डोळे मिटा. मी हा दोरा तळव्याला टेकवते. जाणवलं की हो म्हणा."

पैज जिंकायला निघाल्यागत मास्तरांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा जाड दोरा अंगठ्याला टेकवला, मग चवड्याला, मग टाचेला. वाकेपर्यंत दाबला. मग दुसऱ्या पायाला. बाई एकदा दोऱ्याकडे, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. या माणसाला गप्प बसवायला त्यांनी जन्मभर जिवाचं रान केलं होतं. आता मनात एकच चाललं होतं, हो म्हणा, एकदा तरी हो म्हणा.

मास्तरांचे डोळे गच्च मिटलेले होते. ते वैतागून म्हणाले, "अहो, सुरू करा ना! किती वेळ वाट बघू?"